कुवेतच्या युद्धाचं बिल कोणी भरलं?

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळला आणि सात महिन्यांनी, २८ फेब्रुवारी १९९१ला, आखाती युद्ध थांबलं. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

कुवेत मुळात इराकचाच होता आणि इंग्रजांनी तो तोडला, असं वाचलं. खरं काय? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उस्मानी (ऑटोमन तुर्की) दप्तरात कुवेत बसरा प्रांतात दाखवलेला असे, एवढं खरं. कारभार मात्र सबाह घराण्याचाच होता आणि १८९९ मध्ये शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी गुप्त करारही केला होता. आजचं इराक हे राज्य पहिल्या महायुद्धानंतर उभं राहिलं. जे राज्य तेव्हा नव्हतंच, त्यातून कुवेत तोडला असं कसं म्हणायचं? इराकची एक तक्रार मात्र रास्त होती. ब्रिटिशांच्या आखणीत त्याच्या वाट्याला समुद्रकिनारा चिंचोळा आला आणि बंदराच्या तोंडाशी असलेली वारबा आणि बुबियान ही बेटं कुवेतकडे गेली. १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र होताच बगदादने त्यावर हक्क सांगितला, आणि १९६३ मध्ये त्याच बगदादने कुवेतला मान्यता दिली. १९९० मध्ये ‘एकोणिसावा प्रांत’ म्हणताना ही सही सोयीस्करपणे विसरली गेली.

मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुवेती गलबतं पिढ्यान्‌पिढ्या मोती घेऊन मुंबईला येत, तिथल्या व्यापाऱ्यांच्या इथे पेढ्या होत्या, आणि १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे.

मग खरं कारण तेलच ना? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

तेल होतंच, पण त्याच्या आधी कर्ज होतं. माझ्या मते या युद्धाची सुरुवात शोधायची तर इराण-इराक युद्धाच्या हिशेबात शोधावी. १९८० ते १९८८ अशी आठ वर्षं इराक लढला आणि कर्जात बुडाला. एकट्या कुवेतचं देणं सुमारे १४ अब्ज डॉलर होतं. सद्दाम हुसेन यांचं म्हणणं असं की, इराणला आम्ही रोखलं ते तुम्हा सगळ्यांसाठी, तेव्हा हे कर्ज सोडून द्या. कुवेतने ते मानलं नाही.

त्यातच कुवेत आणि अमिराती ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढत होते. भाव घसरला. पिंपामागे एक डॉलर उतरला की वर्षाला एक अब्जाचं नुकसान, असा इराकचा हिशेब होता. आणि मग रुमैला. या तेलक्षेत्राचा मोठा भाग इराकमध्ये, दक्षिणेचं टोक कुवेतमध्ये. शेजाऱ्याने बांधाला लागून विहीर पाडली आणि पंप मोठा बसवला की आपल्या विहिरीचं पाणी खाली जातं. गावाकडे यावरून डोकी फुटतात. इराकचा आरोप त्याहून पुढचा होता. कुवेतने तिरप्या विहिरी खणून आमच्या हद्दीतलं २.४ अब्ज डॉलरचं तेल उपसलं, असं तो म्हणत होता. जेद्दाहमधली बोलणी १ ऑगस्टला फिसकटली. दुसऱ्या दिवशी पहाटे रणगाडे आत होते.

ज्याचं देणं फेडायचं, त्याचंच घर ताब्यात घेतलं. तक्रारी कितीही खऱ्या असल्या तरी या कृत्याला त्यातून समर्थन मिळत नाही, हे मी स्पष्टच लिहितो.

अमेरिका या युद्धात का उतरली, याबाबत मात्र तुमचं उत्तर जवळपास बरोबर आहे. इराक आणि कुवेत मिळून तेव्हा जगातल्या तेलसाठ्याचा सुमारे पाचवा हिस्सा होत असे, आणि पुढे सौदीची सीमा होती.

अमेरिकेच्या राजदूतांनीच सद्दामला हिरवा कंदील दाखवला होता का? (एक वाचक, पुणे)

२५ जुलैच्या भेटीत एप्रिल ग्लास्पी यांनी अरब देशांच्या आपसातल्या सीमातंट्यांत अमेरिकेची काही भूमिका नाही, असं सांगितलं होतं. ते शब्द ढिले होते. परवानगी म्हणावी असं त्यात मला काही दिसत नाही.

तेलविहिरींच्या आगी कशा विझवल्या? (एक अभियंता, ठाणे)

माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. धुराने भरदुपारी अंधारून येई आणि गाड्यांचे दिवे लावावे लागत. वाळवंटात पाणी आणायचं कुठून? जे नळ तेल किनाऱ्याकडे नेत, त्यांतूनच उलट दिशेने समुद्राचं पाणी खेचून विहिरींजवळच्या तळ्यांत भरलं. काही ठिकाणी सुरुंगाच्या स्फोटाने ज्वाळेचा प्राणवायू तोडला. हंगेरीच्या पथकाने जुन्या रणगाड्यावर मिग-२१ ची दोन इंजिनं बसवून त्यांच्या झोतात पाणी सोडलं. आग विझली तरी तेलाचं कारंजं उडतच असतं. त्या तप्त फवाऱ्यात उभं राहून विहिरीच्या तोंडावर झाकण बसवणं, हे खरं जिवावरचं काम. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ला बंद झाली. वाळूत साचलेली तेलाची तळी मात्र राहिली आणि ती माती साफ करायचं काम दशकांनंतरही सुरू होतं.

१९९१ मध्ये आपल्याला सोनं गहाण टाकावं लागलं, ते या युद्धामुळे का? (एक वाचक, कोल्हापूर)

एकट्या युद्धामुळे नाही. आपली तिजोरी आधीच पोखरलेली होती. युद्धाने शेवटचा धक्का दिला. तेलाचा भाव काही आठवड्यांत दुपटीवर गेला, आखातातून घरी येणारे पैसे आटले, आणि त्या माणसांना परत आणायचंही होतं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी गेलं.

वडील अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला परतले. अंगावरचे कपडे आणि एक बॅग, बाकी सगळं तिकडेच राहिलं. काही वर्षांनी त्यांना ४००० डॉलर भरपाई मिळाली. हे पैसे कोणी दिले? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्या वडिलांसारखे एक लाखाहून अधिक भारतीय आक्रमणानंतरच्या सुमारे दोन महिन्यांत आले. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी घरं त्यात होती. भरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हाला आयोग नेमला होता. त्याच्याकडे सुमारे २७ लाख दावे आले. आधी सामान्य माणसांचे पैसे चुकते करायचे आणि कंपन्या व सरकारं मागाहून, असं आयोगाने ठरवलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. फक्त देश सोडावा लागल्याचा दावा करणाऱ्या एकट्या माणसाला ४०००, कुटुंबाला ८००० डॉलर असा दर होता.

हा पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापला जाई. सुरुवातीला ३० टक्के. त्याच काळात निर्बंधांमुळे इराकमध्ये औषधांची आणि अन्नाची टंचाई होती. सद्दाम २००३ मध्ये पदच्युत झाले, कपात चालूच राहिली. एकूण ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये भरला गेला. तोवर युद्धानंतर जन्मलेली बसऱ्यातली मुलं तिशीला आली होती.

तुमच्या वडिलांचे ४००० डॉलर त्यांच्या हक्काचेच होते. त्यांनी ते घेतले याचा संकोच बाळगू नका.