वाचकांचे प्रश्न : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर काय पाहावे?

प्रश्न : माझी कन्या स्कॉटलंडमधील डंडी येथे शिकत आहे. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. एडिंबरा सगळेच पाहतात. आम्हाला मात्र समुद्रकाठची जुनी स्थळे पाहायची आहेत. हाताशी तीन दिवस आहेत, गाडी चालवायची नाही आणि पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे. काय निवडावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : एडिंबराहून ॲबर्डीनला जाणारा लोहमार्ग डंडीवरून जातो आणि पुढे बराच काळ समुद्राच्या कडेने आर्ब्रोथ, माँट्रोझ, स्टोनहेवन अशी गावे घेत जातो, त्यामुळे आपला मुक्काम अगदी सोयीच्या जागी आहे. किल्ल्यांची संख्या वाढवण्याच्या मोहात न पडता या मार्गावरची तीनच ठिकाणे घ्यावीत, असे आम्ही सुचवू.

त्यांत पहिला मान आर्ब्रोथचा, जरी प्रवासी कंपन्यांच्या सहलींत हे गाव सहसा नसते. राजा पहिला विल्यम याने ११७८ मध्ये स्थापन केलेल्या येथील मठाचे तांबड्या वालुकाश्मातील अवशेष गावाच्या मध्यभागीच उभे आहेत, आणि ते पाहण्यासाठी फारशी चढण नाही. आमच्यातील शंभर जण जरी जिवंत उरले तरी इंग्रजांचे राज्य मान्य करणार नाही, असे स्कॉटिश सरदारांनी पोपला कळवले, त्या लॅटिन पत्रावर याच मठाचे नाव आणि १३२० हे साल आहे. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाची शिळा १९५० च्या नाताळात काही विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवली, ती पुढच्या एप्रिलमध्ये सापडली तीही इथल्याच वेदीपाशी. दुपारी बंदराकडे वळावे. मीठ लावून, शेपट्यांना जोडीने बांधून लाकडाच्या धुरावर शिजवलेला हॅडॉक मासा ही या गावाची खासियत असून, मासळीची पारख असलेल्या गोवेकराने तो चुकवू नये.

दुसरा दिवस सेंट अँड्र्यूजचा. गावात रेल्वे स्थानक नाही. ल्यूकर्स येथे उतरून बस घ्यावी. डंडीहून निघताच गाडी टे नदीवरील लांब पूल ओलांडते, तेव्हा खिडकीतून पाण्याकडे लक्ष ठेवावे : २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री आधीचा पूल गाडीसह कोसळला, त्याच्या खांबांचे बुंधे नव्या पुलाशेजारी अजून दिसतात. सेंट अँड्र्यूजचे कॅथेड्रल १३१८ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूसच्या उपस्थितीत पवित्र करण्यात आले, आणि ते स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे चर्च होते; आज त्याचे भग्नावशेषच उरले आहेत. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनचा भग्न मनोरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. मात्र आपल्याकडे १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना घालवल्यावर ती वास्तू ओस पडली, तर तिथे १५५९ च्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत जमावाने आतील मूर्ती-वेदी फोडल्या आणि पुढे लोकांनी घरे बांधण्यासाठी दगड वाहून नेले. जवळच्या किल्ल्यात १५४६-४७ च्या वेढ्यात हल्लेखोरांनी खणलेले भुयार (सुरुंग) आणि त्याला छेद देणारा आतल्यांचा प्रतिसुरुंग आहे. त्यात वाकून उतरावे लागत असल्याने आपल्या पत्नींनी बाहेरच थांबलेले बरे.

तिसरा दिवस स्टोनहेवनजवळच्या डनॉटर किल्ल्यासाठी ठेवावा. समुद्रात घुसलेल्या सुळक्यावरच्या या किल्ल्यात जाण्यासाठी दोनशेहून अधिक ओबडधोबड पायऱ्या असल्याने आपल्या पत्नींनी तो बाहेरूनच पाहावा, आणि खरे सांगायचे तर किल्ल्याचे सर्वांत देखणे रूप समोरच्या कड्यावरूनच दिसते. तिथवर टॅक्सी जाते. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याने १६५१-५२ मध्ये वेढा घातला असता स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार इथून गुपचूप बाहेर काढून किनेफ गावातील चर्चच्या फरशीखाली पुरण्यात आली आणि १६६० पर्यंत तिथेच राहिली. आपण एकटे आत गेलात तर १६८५ मध्ये धर्ममतांमुळे कैद केलेल्या १६७ जणांना कोंडले होते ते तळघर अवश्य पाहावे. हा किल्ला खासगी मालकीचा असल्याने सरकारी स्मारकांचा एकत्रित पास इथे चालत नाही, आणि हवा बिघडल्यास तो बंद ठेवतात.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण समुद्रावरून अचानक दाट धुके येऊ शकते. वारा अडवणारे जाकीट जवळ असू द्यावे.

प्रश्न : आग्वादचा दीपस्तंभ आपण जवळून पाहू शकतो. आर्ब्रोथसमोरील प्रसिद्ध बेल रॉक दीपस्तंभही तसा पाहता येतो का?
— एक वाचक, कांदोळी

उत्तर : तसा नाही. हा स्तंभ किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत, भरतीला पूर्ण बुडणाऱ्या खडकावर आहे. ओहोटीच्या मोजक्या तासांत काम करून रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या देखरेखीखाली तो उभारला गेला आणि १ फेब्रुवारी १८११ रोजी तिथे पहिला दिवा लागला. हवा स्वच्छ असल्यास तो आर्ब्रोथहून दिसतो; दुर्बीण न्यावी. बंदराजवळच्या सिग्नल टॉवरमधून स्तंभावरील रखवालदारांना निशाण्यांनी निरोप दिले जात, आणि घरी मुलगा झाला तर विजार, मुलगी झाली तर परकर वर चढवीत, असे सांगतात. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.