मतदानाच्या दिवशी ‘हवा’ पाहून मत बदलावं का?

नका बदलू. तुम्ही लिहिलंय की बूथकडे जाताना एकाच पक्षाच्या टेबलावर झुंबड दिसली आणि ‘आपलं मत वाया जाणार’ असं वाटू लागलं. मी त्या टेबलांवर बसणाऱ्यांपैकी आहे म्हणून सांगतो, ती हवा नव्हती, सावली होती.

२०२४ च्या नियमानं बूथपासून २०० मीटरच्या बाहेर उमेदवाराला एक टेबल आणि दोन खुर्च्या, एवढंच मांडता यायचं. नागपुरात लोकसभेचं मतदान १९ एप्रिल २०२४ ला होतं, आणि एप्रिलातलं इथलं ऊन काही सांगायला नको. ज्याचं टेबल कडुनिंबाखाली, रांग त्याच्याकडे. दुसरं कारण मतदार यादी. ती आडनावानं लावलेली नसते, घर क्रमांकानं असते. कागदावर बोट फिरवत ‘वानखेडे’ शोधणाऱ्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडे चार माणसं ताटकळतात, तोवर शेजारचा पोरगा मतदार कार्डावरचा नंबर मोबाइलवर टाकून भाग क्रमांक, अनुक्रमांक काढून मोकळा होतो. मग विरोधी मतदारही त्याच्याच टेबलावर. हे क्रमांक लिहून दिलेली चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर असते, ना चिन्ह ना उमेदवाराचं नाव. ती घेणाऱ्यानं कुणाला मत दिलं, हे देणाऱ्यालाही कळत नाही. पण शंभर पावलांवरून पाहणारा ठरवून टाकतो, ‘अमक्याची हवा आहे भाऊ!’

खरी भीती वेगळीच असते, ती लोक बोलून दाखवत नाहीत. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते, तिच्यावर तुमचं नाव नसतं. माणसाचं मत गुप्त राहतं, बूथचं मात्र नाही. फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या सरकारी तक्त्यात, बूथवार आकडे येतात, आणि ‘तुमच्या गल्लीनं आम्हाला दिलं नाही’ हे पुढची पाच वर्षं नळापासून रस्त्यापर्यंत ऐकावं लागतं. या धास्तीनं वस्तीच्या वस्ती वाऱ्याबरोबर जाते. याला भोळेपणा म्हणू नका, हा हिशेब आहे.

आमच्या मेहुण्यांचा सिद्धांत असा की झोपडपट्टी भावनेवर मत देते आणि फ्लॅटवाले मुद्द्यावर. भाऊजी, नागपुरात २०२४ ला सुमारे ५४ टक्के मतदान झालं. ‘माझ्या एका मतानं काय होतंय’ म्हणून एसीत बसणं हीसुद्धा भावनाच की, आणि फार मुद्देसूद नाही!

हां, तिरंगी चुरस असेल आणि नावडत्याला पाडायचंच असेल, तर दुसऱ्या पसंतीला मत देणं चूक नाही. पण ते घरी बसून मागच्या वेळचे आकडे पाहून ठरवा, टेबलाची गर्दी पाहून नाही.

आणि आठवडाभर आधी यादीत नाव बघा. कार्ड हातात असून नाव नसेल तर मत देता येत नाही. तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल तर तिथं आरडाओरडा न करता केंद्राध्यक्षांकडे टेंडर मत, म्हणजे यंत्राऐवजी कागदी मतपत्रिकेवर द्यायचं मत, मागा.