वाचक विचारतात: झुरळांचं औषध, रांगणारं बाळ आणि द्राक्षाचा पंप

प्रश्न: आमचं घर सांगलीत गावभागात आहे, जुनं आहे, नदी जवळ त्यामुळे ओल कायमची. स्वयंपाकघरात झुरळं फार झाली आहेत. मिस्टर म्हणतात की तासगावच्या बागेवर मारून उरलेलं औषध आहे तेच दोन झाकणं जास्त टाकून पंपाने सगळीकडे मारू, सहा महिने बघायला नको. पण नात आठ महिन्यांची आहे, सगळीकडे रांगते. मारू का? आणि मारल्यावर फरशी कधी पुसायची?

उत्तर: ताई, ती बाटली घरात उघडूसुद्धा नका. मिस्टरांना माझ्या वतीने सांगा की औषध चांगलं का वाईट हा मुद्दाच नाहीये, ते बागेसाठी बनवलंय. बागेत ऊन लागतं, पाऊस पडतो, वारा असतो, त्याने औषध हळूहळू निकामी होत जातं, पण कपाटाखाली ना ऊन ना पाऊस, तिथे तेच औषध कितीतरी जास्त दिवस राहतं आणि त्यात जे द्रावक असतं, म्हणजे औषध ज्यात विरघळवलेलं असतं ते, त्याची वाफ बंद खोलीत नाकातोंडात जाते ती वेगळीच. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंगाचा चौकोन असतो, लाल म्हणजे सगळ्यात विषारी आणि हिरवा सगळ्यात कमी, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. पण हिरवा दिसला म्हणजे घरात चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. लेबलवर घरगुती वापरासाठी असं लिहिलेलं असेल तरच ते घरात. आणि कोणाकडे माळ्यावर जुनं डायक्लोरव्हॉस नावाचं कीटकनाशक पडलेलं असेल तर त्यावर २०२० च्या शेवटापासून आपल्याकडे बंदी आहे, ते तर काढूच नका.

बागेचा पंपही नको. त्यात काल तणनाशक होतं का बुरशीचं औषध होतं कोणाला आठवतंय. एक लिटरचा हातपंप आणा, त्यावर मोठ्या अक्षरात औषध असं लिहा आणि तो दुसऱ्या कशालाच वापरू नका.

आता जे औषध मारल्यावर टिकून राहतं त्याचं काम कसं चालतं ते समजून घ्या, मग कुठे मारायचं हे आपोआप कळेल. पाणी वाळतं, औषधाचा पातळ थर मागे राहतो, झुरळ त्यावरून चालतं, पायातून ते अंगात जातं आणि मरतं. म्हणजे हवेत फवारून, अख्खी भिंत भिजवून काही उपयोग नाही. झुरळ जिथून चालतं तिथेच पाहिजे: सिंकखालचा कोपरा, पाइप भिंतीत शिरतो ती फट, फ्रिजच्या मागे, दाराच्या चौकटीची भेग. आणि थर टिकतो म्हणूनच नातीच्या हाताला लागेल अशी एकही जागा नको, कारण ती हात फरशीवर टेकवते आणि तोच तोंडात घालते. मोकळ्या फरशीवर मारायचंच नाही, म्हणजे पुसायचा प्रश्नच येत नाही. चुकून उडालं तर लगेच साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. फटीतलं मात्र पुसू नका, पुसलं की संपलं. जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीत औषध मुरतं आणि लवकर उतरतं, पण म्हणून ते जास्त दाट करायचं नाही, लेबलवर आहे तेवढंच. दोन झाकणं जास्त टाकल्याने झुरळ दोनदा मरत नाही, नातीच्या अंगात मात्र जास्त जाऊ शकतं.

खरं विचाराल तर बाळ असलेल्या स्वयंपाकघरात मी फवाराच नको म्हणेन, झुरळं मारायचं जेल आणा. बिजागरीत, ओट्याखाली फटीत, बाळाचा हात पोचणार नाही तिथे मोहरीएवढे ठिपके द्यायचे, झुरळं येऊन खातात. पण जेलवर फवारा मारू नका हं, मग ती त्याच्याकडे फिरकत नाहीत. अंड्याच्या कवचापर्यंत औषध नीट पोचत नाही, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी पिल्लं दिसली तर घाबरू नका, पुन्हा ठिपके द्या.

बाकी खोल्यांत मारायचंच असेल तर सकाळी मारा, खिडक्या उघड्या, नात आणि म्हातारी माणसं शेजाऱ्यांकडे पाठवून. भांडी, पिंप, घागरी झाकून, गॅस बंद, देवघरातलं निरांजनही शांत करून. तुळस झाकाच, तिची पानं आपण तोंडात टाकतो. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, चांगला मास्क, नुसता रुमाल बांधून भागत नाही. पूर्ण वाळेपर्यंत आणि घर हवेशीर होईपर्यंत कोणी आत नाही.

प्रश्न: कराडला फ्लॅटमध्ये राहतो, मांजर आहे आणि माशांची टाकी आहे. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो काही होत नाही. खरं का?

उत्तर: माशांच्या बाबतीत तर अजिबात खरं नाही. घरगुती फवाऱ्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात, ती माशांना फार घातक. टाकी दुसऱ्या खोलीत न्या, जमत नसेल तर ओल्या कापडाने घट्ट झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ओढतो. मांजर पूर्ण वाळेपर्यंत बाहेर, ती अंग चाटते. याच गटातलं परमेथ्रिन तर मांजरांचं शरीर नीट पचवूच शकत नाही, ते असलेलं औषध नकोच. पेस्ट कंट्रोलवाल्याला औषधाचं नाव आणि त्याचं लायसन्स दोन्ही विचारा, हा धंदा करायला लायसन्स लागतंच.

प्रश्न: मिरज. गल्लीत धूर मारून जातात, तरी डेंग्यूचे डास आहेतच. घरात औषध मारू का?

उत्तर: धुराने उडते डास मरतात, मागे काही उरत नाही. तुमचं पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आधी हे करा, औषधाचं नंतर बघू.

प्रश्न: औषध अंगावर सांडलं किंवा मुलाने प्यायलं तर?

उत्तर: कपडे काढा, साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नका, मीठपाणी, दूध काही नको, कारण द्रावक उलटीबरोबर फुफ्फुसात गेलं की जास्त बिघडतं. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरांना लेबलवरचं नाव लागतं. म्हणूनच औषध कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका.