मानदुखीसाठी सोलापुरात कपिंग करून घ्यायचंय, कोणत्या चुका टाळू?

तुम्ही लिहिलंय मान आणि खांदा सहा महिन्यांपासून दुखतोय, कधी कधी बोटांना मुंग्या येतात आणि पहिल्यांदाच कपिंग, म्हणजे अंगावर कप लावून कातडी ओढून घेणं, करताय. मी इथं युनिफॉर्म शिवायचं काम करते, दिवसभर मशीनवर मान खाली, त्यामुळं तुमचं दुखणं मला चांगलं कळतंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "अजून दाब, अजून ठेव" म्हणणं. मी तेच केलं. घरी पंपाचा सेट मागवला, जाऊबाईनी खांद्यावर कप लावले आणि मीच म्हटलं राहू दे अजून, चांगलं खेचतंय. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. काढले तर एका कपाखाली दहाच्या नाण्याएवढा पाण्याचा फोड, रात्रभर पालथं झोपावं लागलं आणि डाग पंधरा दिवस गेला नाही. पाच ते दहा मिनिटं पुष्कळ होतात, पहिल्यांदा तर पाचच ठेवा, आणि आग व्हायला लागली की लगेच काढायला सांगायचं, सोसायचं नाही.

लोक म्हणतात डाग जितका काळा तितकी घाण निघाली. तसं नाहीये हो, ओढ बसून कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळतं, मुका मार लागल्यावर होतं तसंच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर तेच गोल डाग होते. आपल्याकडं जुनी माणसं तुंबडी लावायची, तोच प्रकार.

हिजामा म्हणजे चिरे देऊन रक्त काढणार असतील तर ब्लेड आणि कप दोन्ही नवीन, तुमच्या समोर पाकीट फोडून घ्या, यात भीड नको. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, रक्त कमी असेल, गरोदर असाल तर करूच नका. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जखम लवकर भरत नाही. मे महिन्याच्या उन्हात उपाशीपोटी तर अजिबात जाऊ नका, चक्कर येते. फुगलेल्या शिरांवर, पुरळावर कप नको.

कप लावले की मला दोन-तीन दिवस मोकळं वाटायचं, मग परत तेच, खरा फरक खुर्ची उंच केल्यावर पडला.

आणि ते मुंग्यांचं, त्यासाठी मात्र कपिंगची अपॉइंटमेंट आत्ता राहू द्या, आधी हाडांच्या डॉक्टरांना मान दाखवा, मानेत नस दबली असली तरी असं होतं.