पाखाडीची त्रेचाळिसावी पायरी

तुळशीचं लग्न होऊन दोनच दिवस झाले होते. रत्नागिरीजवळच्या एका गावातले गृहस्थ पत्नीला घेऊन माझ्याकडे व्यायाम-आहाराच्या सल्ल्यासाठी आले. वय ४९, शाळेत लिपिक, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे, नाव-गाव मात्र सांगत नाही. खुर्चीत टेकले आणि पहिलंच वाक्य आलं, "ताई, माझ्यात जिद्दच नाय ओ. तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं."

हे वाक्य मी महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकते. चाळिशी-पन्नाशीतली माणसं व्यायामाचं मनावर घेतात, आठ-दहा दिवस जीव तोडून करतात, मग सगळं बंद पडतं. दोष देतात ते स्वतःच्या स्वभावाला. तिसऱ्या खेपेनंतर तर सुरू करायचीच भीती बसते. म्हणून यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

त्यांचं घर वरच्या वाडीत. खाली रस्त्याला गाडी लावायची आणि जांभ्या चिऱ्यांची पाखाडी चढायची, १२६ पायऱ्या. गेल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीत निघाली, तेव्हा एका दांड्याला त्यांचा खांदा होता. अर्ध्यावरही पोचले नसतील, छातीचा भाता झाला, पाय लटपटायला लागले. पुतण्याने धावत येऊन दांडा घेतला. कोणी काही बोललं नाही. त्यांना मात्र ते न बोलणंच लागलं. "पुढच्या शिमग्याला खांदा द्यायचाय मला," एवढंच म्हणाले आणि बायकोकडे बघितलं.

त्यांचे तीनही प्रयत्न एकाच साच्यातले होते. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे अनवाणी किनाऱ्यावर जाऊन धावायला लागायचं, एकदम पाच किलोमीटर. त्याच दिवसापासून भात बंद, सकाळची पेजही बंद. दोन पोळ्या, काकडी आणि दोन हजारांहून जास्त किमतीचा प्रोटीन पावडरचा डबा. आठव्या-नवव्या दिवशी नडग्या ठणकायच्या, अकरा वाजता शाळेत घेरी यायची आणि रात्री कधीतरी उठून पातेल्यातला भात आमटी ओतून खायचे. तो भात खाल्ल्याची शरम त्यांना पालखीच्या शरमेइतकीच मोठी वाटत होती.

मी त्यांना म्हटलं, "दादा, नऊ दिवस अर्धपोटी राहून मऊ वाळूत धावलात तुम्ही. जिद्द कमी असती तर दुसऱ्या दिवशीच घरी बसला असतात."

मला हे मनापासून वाटतं. नडगी नवव्या दिवशी का दुखते, याचा स्वभावाशी संबंध नाही. दम काही आठवड्यांत वाढू लागतो, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं भार पेलायला तयार होतात ती महिन्यांच्या हिशेबाने. दम म्हणतो चल, नडगी म्हणते थांब. पहिल्याच दिवशी सगळा जोर लावला की ही ओढाताण होणारच.

व्यायामाचं बोलण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. चाळिशीच्या पुढचा माणूस, सुटलेलं पोट, चढावर लागणारी धाप, असं असताना रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख बघितल्याशिवाय मी कोणालाही पाखाडीवर चढवत नाही. रक्तदाब थोडा जास्त निघाला, बाकी ठीक होतं. छातीवर दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हातात सरकणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, बसल्या जागी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, हे दोघांनाही पुन्हा पुन्हा सांगितलं. पुरुष हे ऐकतात आणि विसरतात. वहिनींनी लक्षात ठेवलं.

मग खाण्याकडे वळलो. मी विचारलं, काल काय खाल्लं? सकाळी चहा आणि बटर, म्हणजे बेकरीतला कडक पाव. अकराला शाळेजवळ वडापाव. दुपारी डब्यात भात, कालवण, बांगड्याची एक तुकडी. संध्याकाळी चहा-फरसाण. रात्री साडेनवाला पुन्हा भात. वहिनींना घरची वाटी आठवायला लावली, तर एका जेवणाला भात तीन वाट्या आणि त्यासोबत मासळी जेमतेम दोन घास.

आपल्याकडे भाताला फार शिव्या बसतात. समुद्राकाठी भात पिकतो, आपली माणसं भातावरच वाढली. अडचण भाताच्या सोबतीला काही नसण्याची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ८४ किलोला हिशेब ७० ग्रॅमच्या आसपास जातो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात ती अडीच-पावणेतीन ग्रॅम, एका अंड्यात सहाच्या आसपास, आणि शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या घरात. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथातही वीसच्या वर असतात. म्हणजे डब्यातली पावडर त्यांच्याच मडक्यात आणि टोपल्यात होती. डबा वाईट नव्हता, संपवा म्हटलं, पण दुसरा आणू नका. (मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.)

तर भात ठेवला. तीन वाट्यांचा दीड केला आणि बांगडा एका तुकडीऐवजी अख्खा. कुळथाची पिठी पातळ पाणी न करता दाट करायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळी-अंडं नसतं, त्या दिवशी मुगाची किंवा वालाची उसळ आणि दही. जोडीला लाल माठ, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, परसात असेल ते. फरसाणाची जागा भाजलेल्या शेंगदाण्यांनी घेतली, मूठभरच. सगळ्यात खुश झाले ते पेज परत आली म्हणून. चालून आल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि त्यासोबत एक उकडलेलं अंडं. दमटपणात गेलेलं पाणी भरून निघतं आणि अकराची घेरीही थांबते. एकच गोष्ट मी कडकपणे कमी करायला लावली, सुकी खारी मासळी, पापड आणि लोणचं. रक्तदाब असलेल्याच्या ताटात इतकं मीठ नको.

आता चालणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगते. तो आकडा मी त्यांना तेव्हा सांगितला नाही, ऐकून ते पहिल्या दिवशीच १५० करायला गेले असते. दहा मिनिटं जायचं, दहा मिनिटं यायचं, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी आठच्या आत. वेग किती? चालता चालता वहिनींशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी. आपल्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, अंग निवत नाही, त्यामुळे घाटावरच्या माणसाला जो वेग सोपा वाटतो तो इथे हृदयाला जड जातो. घड्याळापेक्षा वाक्य खरं सांगतं.

तीन आठवडे वीसच मिनिटं. त्यांना ते फार थोडं वाटलं. "ह्याने काय होणार?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, उद्या पुन्हा जावंसं वाटेल, एवढंच आत्ता हवंय. त्यानंतर दर आठवड्याला पाच मिनिटांची भर.

पाखाडीचं गणित वेगळं केलं. पहिल्या दिवशी मोजायला लावलं, कुठे थांबावं लागतं? त्रेचाळिसाव्या पायरीवर. मग नियम असा, की तिसाव्यावर थांबायचं, धाप लागायच्या आधी. कट्ट्यावर मिनिटभर उभं राहायचं, पुन्हा तीस. धाप लागल्यावर थांबलं की माणूस हरल्यासारखा थांबतो, आधी थांबलं तर ठरवून थांबतो. उतरताना घाई नाही, पाऊल पूर्ण टेकवायचं. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाणवतं. आठवड्यातून दोनदा पडवीच्या पायरीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा, आणि भिंतीला हात लावून ढकलायचं. पुढे खांद्यावर टोपली आली, सोललेल्या नारळांची. सुरुवात सहा नारळांपासून, दर पंधरवड्याला दोन जास्त. आज या खांद्यावर तर उद्या त्या.

एक चूक माझ्याकडूनही झाली. नडग्यांना डांबरी रस्त्यापेक्षा ओली वाळू बरी म्हणून मी त्यांना रोज सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर चालायला सांगितलं होतं. चार-पाच दिवस छान गेले, मग घोटा दुखू लागला. त्यांच्या वडिलांनी विचारलं, तिथी बघितलीस का? ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाणी आत जातं आणि सपाट, घट्ट वाळू मिळते. अष्टमीच्या सुमाराला त्याच वेळी भरती असते, मग उरते ती वरची भुसभुशीत, उतरती वाळू, आणि घोटा तिरका पडत राहतो. समुद्राकाठी वाढलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून तिथी बघून किनारा, नाहीतर रस्ता आणि पायात बूट.

पौषात त्यांना ताप-खोकला झाला. बारा दिवस सगळं बंद. त्यानंतर फोन येणं थांबलं, तेव्हा मीच केला. "गेलं ताई सगळं, परत पहिल्यापासून." असं होत नाही. तापात व्यायाम करायचाच नसतो, आणि बारा दिवसांत अंग सगळं विसरत नाही. बरं वाटल्यावर निम्म्यापासून सुरू करायचं, आठ-दहा दिवसांत पूर्वीच्या जागी. चाळीस मिनिटं होत होती ती वीस केली, नारळ दहाचे पाच. माझ्या अनुभवात माणसं व्यायाम सोडतात ती अशा खंडानंतरच, दमून क्वचित. त्या वेळी घरातल्या कोणीतरी काहीही न सुनावता चपला पुढे ठेवाव्यात. वहिनींनी तेच केलं.

फाक पंचमीच्या, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीच्या आठवड्यात ते आले तेव्हा वजन ८० किलो, कंबर ९७. त्यांना आकडा आणखी उतरायला हवा होता. मला तो पुरेसा वाटला, कारण पाखाडी आता ते एकदाच, नव्वदाव्या पायरीवर थांबून चढत होते आणि रक्तदाब बघून डॉक्टर समाधानी होते. मी एकच सांगितलं, दांडा कुठे सोडायचा ते आधीच ठरवा आणि पुतण्याला सांगून ठेवा.

होळी झाली, पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसवतात त्या चौथऱ्यावरून, निघाली. दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. नव्वदाव्या पायरीजवळच्या कट्ट्यापर्यंत त्यांनी खांदा दिला, तिथे पुतण्या उभाच होता. दांडा त्याच्या खांद्यावर देताना म्हणाले, "हळू रे, पुढची पायरी सुटलेली आहे, डावीकडून जा."

वहिनी म्हणाल्या, "अख्खं वाक्य बोलले ताई. मी मागेच होते."