आजोबांच्या शास्त्राचे कोरे पान

कॅनडातल्या मिसिसॉगाहून आलेल्या एका पत्राखाली 'एक नात' एवढीच सही आहे, म्हणून मीही त्यांना नातबाईच म्हणते. त्या लिहितात, "आजोबांना जाऊन नोव्हेंबरमध्ये वर्ष होईल. नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्या स्मरणार्थ उपासना ठेवली आहे आणि परदेशातल्या नातवंडांच्या वतीने मी पाच मिनिटे बोलावे, असे काकांचे म्हणणे आहे. 'आजोबा कुटुंबवत्सल होते, मंडळीचे निष्ठावान सेवक होते आणि समाजाचा आधार होते' एवढे लिहिले आणि गेले तीन आठवडे पुढे एक ओळ सुचलेली नाही. बाबा इथे आमच्याकडेच असतात, पण विषय काढला की उठून जातात. माझे आजोबांवर खरेच प्रेम होते का, अशी आता शंका येते." पत्रात आणखी तीन प्रश्न आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

प्रेम होते, नातबाई. नसते तर तीन आठवडे कागदापुढे बसला नसता, इंटरनेटवरून एखादे तयार भाषण उचलून मोकळ्या झाला असता. तुमच्या वाक्यात खोटे काही नाही, मात्र त्या वाक्यात तुमचे आजोबाही नाहीत. नगर, वडाळा, राहुरी, सोलापूर अशा कुठल्याही मंडळीतल्या कुठल्याही आजोबांवर ते वाक्य मी बेतून दाखवते, कुठे दोराही लोंबणार नाही.

आता जुने वाचक हसतील, कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक आहे. सुनेशी पटत नाही असे कुणी लिहिले तरी ही बाई घरातले जुने शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायला सांगेल, असा टोमणा एका वाचकाने मला मागेच मारला होता आणि तो मी मान्यही केला. तरीही सांगते: आजोबांच्या पवित्र शास्त्राचे पहिले कोरे पान आणि शेवटचे कोरे पान, या दोन्हींचे फोटो काकांकडून या आठवड्यात मागवा. फोटो काढणाऱ्याला सांगा की पुस्तक नुसते उघडून भागणार नाही, चिकटलेली पाने हलक्या हाताने सोडवावी लागतील.

असे का म्हणते, तेही सांगते. आमच्या काही हिंदू मैत्रिणींच्या घराण्याची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहे. गावकुसाबाहेरून मंडळीत आलेल्या तुमच्या-माझ्या पणजोबांचे नाव तिथे शोधायला गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल. नगरला मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, गावोगाव शाळा निघाल्या आणि ज्यांच्या घरात तोवर कुणी अक्षर गिरवले नव्हते त्यांच्या हाती एक जाड पुस्तक आले, ज्याला पुढे आणि मागे कोरी पाने होती. त्या पानांवर त्यांनी जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू स्वतःच्या हाताने लिहिले. आपल्या घरांची वही तीच आहे आणि आपण ती कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून परदेशी आलो.

मी स्वतः यात शहाणी होते असे समजू नका. माझे आजोबा १९८९ साली गेले तेव्हा मी न्यू जर्सीत होते आणि येणे जमले नाही. मी दोन पाने इंग्रजीत लिहून पाठवली, मामेभावाने ती उपासनेत मोठ्या आवाजात वाचली, मागाहून त्यांचे मराठीही करून सांगितले. बाहेर पडताना मंडळीतल्या एका म्हातारीने माझ्या आईला विचारले, "हे कोणाचं वाचून दाखवलं गं?" आईने ते मला फोनवर जसेच्या तसे सांगितले, एक शब्दही सौम्य न करता.

पाच वर्षांनी आई आली तेव्हा तिच्या बॅगेत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले आजोबांचे शास्त्र होते. पुठ्ठ्याला आतून वर्तमानपत्राची पट्टी लावून शिवण बळकट केलेली होती. पहिल्या कोऱ्या पानावर नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीपुढे, शेतकऱ्याच्या मुलाला शोभेल असा, पावसाचा शेरा होता. त्यांतली एक अशी: "ता. ३ जून १९४८, गुरुवार. पहाटे मुलगी. पाऊस नाही." तिच्या खाली, वेगळ्या शाईत: "ता. १४ जून. देवाने नेली." मला अशी कुणी मावशी होती, हे मी तोवर ऐकलेसुद्धा नव्हते. आईला विचारले, तर तिने गॅस बंद केला आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. ती तेव्हा चार वर्षांची होती. शेजारणीने तिला ओट्यावर बसवून हातात गूळ-शेंगदाणे दिले होते आणि समोरच्या अंगणात आजोबा चहाच्या खोक्याच्या फळ्या ठोकत होते, एवढेच तिला आठवत होते.

पुढे गीतांचे पुस्तक चाळताना एका गीताच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले दिसले, "१४ जून". ते गीत मंडळीत लागले की आजोबा पुस्तक मिटून हात मागे बांधत आणि नुसते उभे राहत. त्यांना ते पाठ आहे म्हणून पुस्तक लागत नाही, अशी आम्हा पोरांची समजूत होती. पण ते गातच नव्हते, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नाही. नातबाई, १९८९ मध्ये मला एवढी एक गोष्ट माहीत असती तर ती दोन पाने मी लिहिली नसती, आणि त्या म्हातारीनेही विचारले नसते.

आता बाबांविषयी, आणि इथे मी थोडी रागावणार आहे. ज्या माणसाने आजोबांना सर्वांत अधिक पाहिले तो तुमच्या घरात पलीकडच्या खोलीत बसलेला आहे आणि तुम्ही मला, एका परक्या बाईला, समुद्राइतके लांब पत्र लिहिता! 'आजोबा कसे होते?' असे विचारल्यावर कुणीही उठून जाईल, मीही गेले असते. शास्त्राच्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे ठेवा आणि 'बाबा, हे अक्षर कुणाचे?' एवढेच विचारा, मग गप्प बसा.

कदाचित जे बाहेर येईल ते गोड नसेल, त्याचीही तयारी ठेवा. 'कुटुंबवत्सल' आणि 'मंडळीचे सेवक' हे शब्द तुम्ही एका दमात लिहिलेत, परंतु घरात त्या दोघांच्या वाट्याला रविवार एकच असतो. माझे आजोबा मंडळीचे खजिनदार होते. उपासनेनंतर दानाची पिशवी खाटेवर ओतून पाच, दहा, पंचवीस पैशांचे वेगळाले ढीग लावत, हिशोब दोनदा जुळल्याशिवाय जेवायला उठत नसत, आणि ताटावर ताट झाकून बसलेली आजी म्हणायची, "अर्धा नवरा मंडळीला दिला मी, उरला तो अर्धा हिशोबात गेला." पिशवीत कमी पडले तर ते खिशातून भरत, आणि त्याच महिन्यात आईच्या शाळेची फी थकलेली असे. हे आईने मला हसत सांगितले, पण ती पूर्ण हसत नव्हती. तुमच्या बाबांच्या गप्प बसण्यात असेच काही थकलेले असू शकेल. ते उपासनेत सांगायचे की नाही हे बाबांना ठरवू द्या. तुम्ही मात्र ऐकून, त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून ठेवा.

घरातून फार काही निघाले नाही, तर पाळकसाहेबांना विनंती करा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या मंडळीकडे असतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा त्यात सामील झालेल्या मंडळ्यांची नावे बदलली. त्यामुळे जुन्या वहीवर आज ओळखीचे नाव दिसले नाही तर हा आपला कागद नव्हे असे समजू नका. ज्यांच्या बाप्तिस्म्याला तुमचे आजोबा साक्षीला उभे राहिले ती माणसे आज सत्तरी-पंचाहत्तरीत असतील. त्यांतल्या दोघांना फोन करा, आणि नोव्हेंबरची वाट पाहू नका. १९७२ च्या दुष्काळात आजोबा काय करत होते, हा एकच प्रश्न विचारलात तरी पुरे. नगर जिल्ह्यातल्या त्या वयाच्या माणसाला तेव्हाची लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामे आठवतातच, आणि तिथून तो आपोआप माणसांवर येतो.

उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात. कबरीवरच्या दगडाचा मजकूर इंग्रजीत की मराठीत, हा चुलत भावंडांचा वाद काकांवर सोडा, दगड तुम्ही रोज पाहणार नाही. मुलाला मराठी समजत नसेल तर त्याच्याकडून शास्त्रातले एक वचन पाठ करून घ्या. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" एवढे सात वर्षांचे पोर आठवड्यात शिकते. आणि वेळेची अडचण ही काही अडचण नव्हे: नगरची रविवार सकाळची साडेनऊची उपासना म्हणजे नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडचे शनिवारी रात्रीचे अकरा. आपण सगळे याहून अवेळी क्रिकेट पाहतो.

फोटो मागवाल तेव्हा त्या कोऱ्या पानाची मागची बाजूही काढायला सांगा. आमच्याकडे उसनवारी तिथे लिहिलेली होती, आणि आजोबांनी कुणाकुणाची परत घेतलीच नाही हेही तिथेच कळले, कारण ती नावे खोडलेली नव्हती, नुसती चौकटीत बसवली होती.