‘प्रॅग्मॅटिक’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो ‘प्रॅक्टिकल’पेक्षा वेगळा कसा वापरावा?

आपण प्रश्नाच्या खाली ‘आपल्याकडे ज्याला प्रॅक्टिकल माणूस म्हणतात तोच ना?’ असे लिहिले आहे, आणि त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहितो आहे. तो नव्हे. मी जालना जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. पण या दोन शब्दांतला फरक मला शब्दकोशापेक्षा आमच्या मोसंबीच्या बागेत अधिक नीट कळला.

दोन्ही शब्द ‘करणे’ या अर्थाच्या एकाच ग्रीक धातूपासून आले आहेत. ‘प्राग्मा’ म्हणजे कृत्य. प्रॅक्टिकल हे विशेषण वस्तूलाही लागते: बूट, पिशवी, कपडे. प्रॅग्मॅटिक हे मुख्यतः माणसाला, निर्णयाला, धोरणाला लागते. प्रॅक्टिकलच्या विरुद्ध थिअरेटिकल येते, तर प्रॅग्मॅटिकच्या विरुद्ध डॉग्मॅटिक, म्हणजे एकदा धरलेले मत किंवा पद्धत परिस्थिती बदलली तरी न सोडणारा. परीक्षेपुरते एवढे पुरे.

2012 चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला आणि 2013 च्या फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठला. वडिलांनी वीस बाय वीस फुटांवर लावलेली चार एकरांतली साधारण 430 झाडे उभी होती, आणि बोअर दिवसातून जेमतेम तासभर चालून चार हजार लिटर पाणी देत होते. वडिलांचे म्हणणे असे की, झाडे लेकरांसारखी वाढवली आहेत, तेव्हा कर्ज काढून टँकर लावू, पण एकही झाड जाऊ द्यायचे नाही. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, सगळी बाग तोडून सरपण विकावे आणि पाऊस पडला की कापूस लावावा. ‘मायेनं पोट भरत नाही, जरा प्रॅक्टिकल व्हा,’ हे दादांचे शब्द होते, आणि त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात वडिलांना गप्प करण्यासाठी वापरला जाऊ लागला.

मी वहीवर हिशेब मांडला. झाड फळासाठी नव्हे, केवळ जिवंत ठेवायचे तर दिवसाला चाळीस लिटर धरले, म्हणजे चार हजार लिटरमध्ये शंभर झाडे. बोअरजवळच्या खोल काळ्या जमिनीतली शंभर झाडे निवडायची, त्यांच्यावरची फळे उतरवायची, फांद्यांची छाटणी करायची, खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची, बुडाशी काडीकचऱ्याचे जाड आच्छादन घालायचे आणि उरलेल्या 330 झाडांची आशा सोडायची. दादा म्हणाले, ‘हिशेब मास्तरांचा, शेती आमची.’ वडील तर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तरी अखेर तेच झाले, आणि जूनमध्ये पाऊस आला तेव्हा त्या शंभरांपैकी 91 झाडे हिरवी होती.

आता हे तीन निर्णय शब्दांच्या शेजारी ठेवून पाहा. वडिलांचे उद्दिष्ट बाग टिकवण्याचे होते, पण त्यांना पाण्याचे माप दिसत नव्हते. दादांना माप दिसत होते, पण त्यांनी उद्दिष्टच सोडून दिले होते. उद्दिष्ट न सोडता, हाती जेवढे आहे तेवढ्यावर मार्ग बदलणे आणि तो मार्ग बरोबर की चूक हे परिणामावरून ठरू देणे, याला प्रॅग्मॅटिक म्हणतात. आपल्याकडे हुंडा घेताना, शेजाऱ्याचा बांध कोरताना, वाटणीत बहिणीची सही घेताना जो ‘प्रॅक्टिकल हो’ म्हणून सांगितला जातो, तो मतलब आहे, आणि त्याला या शब्दाने झाकणे मला सहन होत नाही.

या शब्दावरून निघालेल्या विचारपंथाला मराठीत फलप्रामाण्यवाद म्हणतात. चार्ल्स पर्स, विल्यम जेम्स आणि जॉन ड्यूई हे त्याचे अमेरिकेतले प्रमुख विचारवंत. कल्पनेचा अर्थ तिच्या प्रत्यक्ष परिणामांत शोधावा, हा त्याचा गाभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि तेथे ड्यूई त्यांचे अध्यापक होते. त्याच बाबासाहेबांनी 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. समतेच्या उद्दिष्टावरून ते तसूभर हलले नाहीत, पण त्यासाठी सत्याग्रह, कायदा, शिक्षण, धर्मांतर असे मार्ग त्यांनी वेळोवेळी बदलले. ज्यांना प्रॅग्मॅटिक म्हणजे तडजोड करणारा असे वाटते, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

मराठीत ‘व्यवहारी’ लिहिले तर पैशाला जपणारा अशी छटा येते, आणि ‘व्यवहार्य’ म्हणजे करता येण्याजोगे, तो प्रॅक्टिकेबल. मी वर्गात ‘परिस्थितीचे भान ठेवून मार्ग काढणारा’ असे सांगतो. लांब आहे, पण चुकीचे नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. इंग्रजी वर्तमानपत्रांत प्रॅग्मॅटिक हा शब्द तत्त्वे गुंडाळून ठेवणाऱ्या पुढाऱ्यासाठीही सौम्य भाषेत वापरतात, त्यामुळे वाचताना संदर्भ पाहावा लागतो. आणि भाषाशास्त्रातली प्रॅग्मॅटिक्स ही शाखा वेगळी, तिथे संदर्भानुसार बोलण्याचा अर्थ कसा ठरतो याचा अभ्यास असतो. शिवाय दादांवर मी येथे अन्यायही करत असेन, कारण त्या वर्षी बँकेचा हप्ता त्यांच्या नावावर होता आणि माझा पगार दर महिन्याला येत होता. त्यांच्या घाईचे कारण मला आज समजते, तरीही सगळी बाग तोडण्याच्या त्या निर्णयाला मी प्रॅक्टिकल म्हणेन, प्रॅग्मॅटिक म्हणणार नाही.